पुलाला मुंडकं कोण मागतं? : मोबाईलच्या आधीच्या एका दंतकथेचं वाचन

(शहागड, ता. अंबड, जि. जालना इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तिथं तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



आजचा विषय ऐकून काही जण गमतीनं आलेत, हे मला दिसतंय. मोबाईल नव्हते, नेट नव्हतं, त्या काळातली खुळं, अफवा आणि दंतकथा. अशा विषयाला माणसं हसायला येतात, आणि हसायला हरकत नाही. पण मी आधीच सांगून ठेवतो, सुरुवातीला आपण हसू, आणि मग एका ठिकाणी थांबू. तिथं हसू येणार नाही.

आधी गमतीचा भाग. इथं ज्यांचं वय पन्नासच्या पुढं आहे त्यांना 'जय संतोषी माँ' आठवत असेल. सिनेमा १९७५ चा. त्याच वर्षी 'शोले' आला, 'दीवार' आला, आणि त्या रांगेत हा छोट्या बजेटचा सिनेमा जाऊन बसला. बायका चपला बाहेर काढून थिएटरात जायच्या, पडद्यावर नाणी उधळायच्या. सोळा शुक्रवार, गूळ-चणे, घरात आंबट बंद. आणि त्याच्या मागून आली ती पत्रं. पोस्टकार्ड यायचं, खाली सही नाही. अमक्या देवीचा महिमा, हे पत्र मिळाल्यावर इतकी पत्रं लिहा, एकानं लिहिली त्याला लॉटरी लागली, एकानं फाडून टाकलं त्याचं वाटोळं झालं. कधी देवी, कधी बालाजी, कधी साईबाबा. देव बदलायचा, मजकूर तोच. (हशा) हात वर करा, कुणीकुणी लिहिली अशी पत्रं? बघा. आणि जे हात वर करत नाहीयेत त्यांनीसुद्धा लिहिलीत.

मग १९७९ चं स्कायलॅब. अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा कोसळणार, आणि ती बरोब्बर आपल्याच गावावर कोसळणार! मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून कोंबड्या-बकरी कापल्याचे किस्से आजही गावोगाव सांगतात. ११ जुलैला ते पडलं, हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. आपल्याकडं फक्त कोंबड्या गेल्या. (हशा)

आणि २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध प्यायला. सकाळी दिल्लीत सुरू झालं आणि त्याच दिवशी इंग्लंडातल्या देवळांपर्यंत पोचलं. कशावरून पोचलं? एसटीडी बूथवरून. ज्यांना वाटतं की व्हॉट्सॲपनं अफवेला वेग दिला, त्यांनी हा दिवस आठवावा. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवला, की दूध पृष्ठताणामुळं चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थरानं खाली उतरतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनीही तेच सांगितलं. ज्यांना पटायचं त्यांना पटलं.

आता या तिन्ही गोष्टींत सारखं काय आहे, ते बघा. मी साहित्याचा विद्यार्थी आहे, मी अफवेकडंसुद्धा मजकूर म्हणूनच बघतो. कविता वाचताना विचारतो तसा एक साधा प्रश्न विचारतो : ही गोष्ट ऐकणाऱ्याकडून काय मागते? संतोषी मातेचं पत्र काय मागतं? माझं पोस्टकार्ड, माझी शाई, माझा अर्धा दिवस. गणपती काय मागतो? माझ्या घरचं वाटीभर दूध. स्कायलॅब काय मागतं? माझीच कोंबडी. म्हणजे खर्च माझा. मी फसलो तर मीच फसलो. म्हणून आज आपण त्यावर हसू शकतो. त्याची किंमत दुसऱ्या कुणी मोजलेली नाही.

पण त्याच काळात, त्याच ओट्यांवर, त्याच एसटी स्टँडवर एक दुसऱ्या जातीची दंतकथा फिरत होती. ती माझ्याकडून काहीच मागत नव्हती. ती दुसऱ्याकडं बोट दाखवत होती. 'त्या काळच्या गमतीजमती' म्हणून जे लेख छापून येतात, जी भाषणं होतात, त्यांत ही कथाही बाकीच्यांच्या रांगेत बसवलेली असते. दुधाचा गणपती, स्कायलॅब आणि पोरं धरणारी टोळी, एकाच दमात. माझी तक्रार तिथं आहे.

कथा तुम्हाला माहीत आहे. आपण बसलोय तिथून गोदावरी जवळच आहे. नदीवर पूल आहे, पुलाच्या अलीकडं जालना जिल्हा, पलीकडं बीड जिल्हा, गेवराई तालुका. नदीकाठच्या कुठल्याही गावात विचारा, पूल बांधायला काढला की कुजबुज सुरू व्हायची : खांब उभा राहत नाही, नदी मुंडकं मागतेय. लहान पोरं धरून नेतायत. झोळीवाले आलेत, संध्याकाळी पोरांना बाहेर सोडू नका. पूल म्हणा, धरण म्हणा, तलाव म्हणा, कथा तीच.

हिची घडण बघा, मोठी हुशार घडण आहे. पहिलं म्हणजे घटना कधीच आपल्या गावात घडलेली नसते, ती शेजारच्या गावात घडलेली असते. सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं नसतं, मावशीच्या जावेनं पाहिलेलं असतं. मुलाला नाव नसतं. नाव असलं की चौकशी करता येते ना! मुंडक्यांचा आकडा मात्र नक्की असतो, आणि गावागणिक वाढत जातो. आणि शेवटची गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. मुंडकी मागितली कुणी, हे कथेत कुठंच नसतं. ठेकेदार दिसत नाही, इंजिनिअर दिसत नाही, सरकार दिसत नाही. दिसतो तो फक्त झोळीवाला.

ही शेवटची गोष्ट पहिल्यापासून अशी नव्हती. आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा पुरावा.

कथेची जुनी रूपं काढून बघू. सगळ्यांत जवळचं रूप तुमच्या-माझ्या घरात आहे. श्रावणातल्या कहाण्यांचं पुस्तक काढा आणि शिळासप्तमीची कहाणी वाचा. श्रावण शुद्ध सप्तमीला आपल्या आज्या-आया ही कहाणी वाचत आल्या. राजा गाव वसवतो, तळं खणतो, पाणी लागत नाही. जळदेवता सांगतात, तुझ्या सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजाला वाईट वाटतं, पण गावाला पाणी हवं. सून हे ऐकणार नाही हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो तिला माहेरी पाठवतो. आणि नातवाला न्हाऊ-माखू घालून, दागिने घालून, तळ्यात ठेवतो. तळं भरतं. पुढं सून माहेराहून परत येताना वाटेत ते भरलेलं तळं बघते. सप्तमीचा दिवस, तिला तिचा वसा आठवतो. तळ्याकाठी पूजा करते, प्रार्थना करते, आणि पाण्यातून मूल येऊन तिचे पाय ओढायला लागतं.

आपण ही कहाणी व्रताची म्हणून ऐकतो आणि पुढची कहाणी लावतो. पण जरा थांबून विचारा : या कहाणीत मूल मारलं कुणी? राजानं. तळं कुणाचं? राजाचं. मूल कुणाचं? राजाच्याच घरातलं. बाहेरून कुणी आलेला नाही. कहाणीला नाव घ्यायला भीती वाटत नाही. सुनेला फसवून माहेरी धाडलं, हेसुद्धा ती सांगून टाकते. आता ही कहाणी राजाला शिक्षा करते का? नाही करत. मूल परत येतं, राजा आनंदतो, गोष्ट संपते, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ होते. सून त्याला जाब विचारत नाही. ही तिची मर्यादा आहे, आणि ती मी लपवणार नाही. पण गुन्हा कुणाच्या दारात आहे, हे ती लपवत नाही.

शेजारी कर्नाटकात 'केरेगे हार' नावाचं प्रसिद्ध लोकगीत आहे, म्हणजे 'तळ्याला आहुती'. तिथंही तळ्याला पाणी लागत नाही, आणि गावप्रमुखाच्या घरातली धाकटी सून, भागीरथी, दिली जाते. निर्णय कुणाचा? सासऱ्याचा. रोमानियात मठ बांधणाऱ्या गवंड्याची कथा आहे, सर्बियात गडाची, ग्रीसमध्ये पुलाची. भिंत दिवसा बांधावी आणि रात्री कोसळावी. आणि मग बांधणाराच आपल्या बायकोला भिंतीत चिणतो. जगभर या कथेचे पाठभेद आहेत, आणि त्यांतल्या मोठ्या कथांत बळी देणारा हात घरातलाच आहे.

आता एक पायरी खाली उतरू. पुरंदर किल्ल्याच्या शेंदऱ्या बुरुजाची आख्यायिका सांगतात. बुरुज उभा राहीना, वारंवार ढासळायला लागला. मग दृष्टांत झाला, की जिवंत माणसं पायात घाला. आणि घातले कोण? बहिरनाकाचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई. नावं नीट ऐका. बहिरनाक, नाथनाक. हे 'नाक' महार समाजातल्या नावांचं. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरही अशी नाकांत नावं कोरलेली आहेत. म्हणजे कहाणीतल्या राजानं स्वतःचा नातू दिला होता. इथं हुकूम वरून आला आणि देह खालचा गेला. आख्यायिका खरी की खोटी, हा इतिहासकारांचा प्रश्न. मी दंतकथा वाचतोय, आणि मला दिसतं ते हे की समाजाला हा व्यवहार कसा चालतो ते माहीत होतं. किंमत कुणाकडून वसूल होते, ते माहीत होतं. आणि तरीही, बघा, इथं मारणारा अजून दिसतोय. किल्ला बांधणारी सत्ता दिसतेय. मरणाऱ्यांना नावं आहेत.

अजून एक पायरी. इंग्रजी अमदानी. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याकडं हुगळी नदीवर पूल बांधायला घेतला तेव्हा अफवा उठली, की गंगामाईला हा अपमान सोसत नाही, आणि प्रत्येक खांबाखाली लहान मुलांची डोकी घातली तरच ती पूल होऊ देईल. ही नोंद त्या काळच्या इंग्रज लेखकांनीच करून ठेवलीय, 'बघा हे नेटिव्ह किती अडाणी' अशा सुरात. पण ही अफवा अडाण्यांची म्हणून सोडून देऊ नका. तिच्यात बोट कुणाकडं आहे? सरकारकडं. परकं सरकार आपली नदी बांधतंय आणि किंमत आपल्या पोरांकडून घेतंय. तथ्य म्हणून हे शंभर टक्के खोटं. पण तक्रार म्हणून? तक्रार म्हणून ते इतकं खोटं नाही.

आणि आता आपल्या काळात या. स्वातंत्र्य मिळालं, मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटला, रस्ते आले, पूल आले, धरणं आली. इथून वर, पैठणला जायकवाडी. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हातून उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे. त्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे, आपली शहरं पाणी पितात, हे सगळं खरं. आणि त्याच पाण्याखाली शंभरावर गावं गेली, हेही खरं. माणसांनी आपल्या हातानं घरांची दारं-चौकटी काढून नेल्या. देवळं पाण्यात गेली, शिवारं गेली. नाथसागर आपोआप भरला नाही, मंडळी. कहाणीतल्या तळ्यासारखाच कुणाच्या तरी घरातून काहीतरी घेऊन भरला.

म्हणून मी म्हणतो, पुलाला मुंडकं लागतं ही दंतकथा मूर्खपणाची नाही. तिच्या पोटात एक रास्त प्रश्न आहे. इतकं मोठं बांधकाम उभं राहतं, त्याची किंमत कोण मोजतं? धरणाच्या कामावर मेलेला मजूर कुणाच्या हिशेबात असतो? ज्याचं गाव बुडालं त्याला काय मिळालं? हा प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र खोटं आलं. ते उत्तर असं आलं : किंमत मागणारा तो बघ, तो झोळीवाला, काल गावाबाहेर पाल ठोकून बसलाय तो.

हे कसं घडलं? शिळासप्तमीचा राजा कुठं गेला? पुरंदरची सत्ता, हुगळीचा साहेब कुठं गेला? मला वाटतं, सरकार आपलं झालं आणि राग काढायला जागा राहिली नाही. आपल्याच मतावर निवडून आलेल्या राजाकडं बोट दाखवणं अवघड असतं. ठेकेदार गावातल्याच कुणाचा तरी पाहुणा असतो. मग कथेतून वरचा माणूस गळाला आणि त्याच्या जागी खालचा माणूस बसला. तोही असा निवडला, की त्याला गावात भावकी नाही, सातबारा नाही, साक्षीदार नाही.

आता झोळीकडं नीट बघू. पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव येतो, त्याच्याकडं झोळी असते. आपण त्याच्या झोळीत धान्य घालतो, पाया पडतो. डौर वाजवत नाथपंथी डवरी गोसावी येतो, झोळी असते. नंदीबैलवाला, बहुरूपी, पोतराज, पिंगळा, मसणजोगी, सगळे दारावर येणारे. आपला निम्मा लोकसाहित्याचा ठेवा या लोकांनी पाठीवरून वाहिला. आणि त्याच झोळीचं दुपारी आपण काय करतो? पोरगं रडायला लागलं की आई म्हणते, गप बस, नाहीतर बुवा झोळीत घालून नेईल. बागुलबुवाचं चित्र काढायला सांगा मुलांना. दाढी, मळके कपडे आणि खांद्यावर पिशवी. हे कुठून आलं? पाळण्यातून आलं. अफवा उगवायच्या कितीतरी आधी रान नांगरून ठेवलेलं असतं.

त्यात कायद्यानं भर घातली. १८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती 'गुन्हेगार' ठरवणारा कायदा केला. जन्मला म्हणून गुन्हेगार. स्वतंत्र भारतात १९५२ ला तो रद्द झाला, आणि त्या जमातींना 'विमुक्त' म्हणायला लागलो. कागदावरून शिक्का पुसला. ओट्यावरच्या गप्पांतून पुसला नाही. भटक्या-विमुक्तांच्या हकिकती आपण त्यांच्याच तोंडून ऐकायला लागलो ते मराठी आत्मकथनांमुळं. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० चं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ चं. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. समीक्षकांनी त्यांची भाषा वाखाणली, वेदना वाखाणली. पण ही पुस्तकं आणि आपल्या दंतकथा शेजारीशेजारी ठेवून वाचायला हव्या होत्या. दंतकथेत गावातून पाल कसं दिसतं ते आहे. आत्मकथनात पालातून गाव कसं दिसतं ते आहे. पोरं कुणी कुणाला घाबरावं, याचं उत्तर दोन्हीकडं सारखं येत नाही.

हे फक्त आपल्याकडं होतं, असंही समजू नका. १९६९ साली फ्रान्समध्ये ओर्लिआँ नावाच्या सुशिक्षित, सुखवस्तू शहरात अफवा पसरली, की कपड्यांच्या काही दुकानांत कपडे घालून बघायला गेलेल्या मुली गायब होतायत. पोलिसांकडं एकही मुलगी हरवल्याची तक्रार नव्हती. दुकानं मात्र ठरावीक होती, ज्यू मालकांची. एडगर मोरँ या समाजशास्त्रज्ञानं आपल्या साथीदारांना घेऊन त्याचा अभ्यास केला, त्याच वर्षी पुस्तक लिहिलं. शिक्षण कमी म्हणून अफवा पसरते, हे समाधान त्या शहरानं आपल्याला ठेवलेलं नाही.

इथं कुणीतरी म्हणेल, सर, नरबळी होतच नाहीत का? होतात. नाकारून चालणार नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या पूर्ण नावात 'नरबळी' हा शब्द आहे, तो उगीच नाही. आपल्याच मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातलं मानवत प्रकरण, १९७२ ते १९७४. लहान मुली, बायका मारल्या गेल्या, गुप्तधनाच्या लोभानं. त्या काळात साऱ्या महाराष्ट्राची झोप उडाली होती. पण त्या खटल्यात आरोपी म्हणून उभे राहिलेले लोक कोण होते? तिथल्याच परिसरातले. रात्रीतून आलेली, सकाळी निघून गेलेली कुणी अनोळखी टोळी नव्हती. मानवतनं आपल्याला शिकवायला हवं होतं, की आपल्याच गल्लीत बघा. आपण काय शिकलो? अनोळखी माणूस दिसला की पोरं घरात घ्या.

आता मी सुरुवातीला म्हणालो त्या ठिकाणी आलो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. पोरं पळवणारी टोळी आली, असा संशय घेऊन जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं, आणि तिथं मारून टाकलं. पाचही जणांना. ग्रामपंचायतीत, मंडळी. गावाचा कारभार जिथून चालतो त्या खोलीत.

दुसऱ्या दिवसापासून पेपरांत, टीव्हीवर एकच मथळा : व्हॉट्सॲपच्या अफवेनं पाच बळी. कंपनीला नोटिसा गेल्या, फॉरवर्ड किती जणांना करता येईल यावर मर्यादा आली. ते करायलाच हवं होतं. पण त्या मथळ्यानं आपल्याला फार स्वस्तात सोडलं. व्हॉट्सॲपनं काय दिलं? वेग दिला, कुठलातरी जुना व्हिडिओ दिला. झोळीवाला कुणी दिला? तो व्हॉट्सॲपनं शोधलेला नाही. तो मोबाईलच्या आधीच्या, आपल्या 'निरागस' काळातला आहे. आईच्या धमकीतला, पुलाच्या कुजबुजीतला आहे. मोबाईलमध्ये मजकूर आला तेव्हा गुन्हेगाराचं चित्र प्रत्येकाच्या डोक्यात आधीच तयार होतं, आणि पुढं सगळं काही मिनिटांत झालं.

आपल्या गावावरून जो महामार्ग जातो, तो सोलापूर आणि धुळे जोडतो. मेलेल्यांचं घर एका जिल्ह्यात, मृत्यू दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मधल्या रस्त्यावर आपण बसलोय. मी ओढूनताणून नातं लावत नाही. भटका माणूस रस्त्याचा असतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गावाचा त्याच्याशी व्यवहार असतो, एवढंच म्हणतोय. भीक घालण्याचा, हाकलण्याचा, आणि त्याच्याविषयी गोष्टी सांगण्याचा.

म्हणून जुन्या काळातल्या दंतकथांवर जे हळवं लेखन होतं, त्याच्याविषयी माझं मत स्पष्ट आहे. 'काय ते दिवस होते, कशा कशावर विश्वास ठेवायचो आपण' असं म्हणताना आपण सगळ्या दंतकथा एकाच टोपलीत टाकतो आणि सगळ्यांना सारखंच माफ करतो. समीक्षेनं टोपली उपडी करून निवड करायला हवी. जिची किंमत आपणच मोजली, तिच्यावर हसा, ती नातवंडांना सांगा, तिचा संग्रह करा. जिची किंमत गावाबाहेरच्या माणसानं मोजली, तीही जपा, पण पुराव्यासारखी जपा. तारीख घालून, कुणाकडं बोट होतं ते लिहून.

आणि एक साधी कसोटी सांगतो, मोबाईलवर आलेल्या मजकुरालाही ती चालते. गोष्ट ऐकली की विचारा : यात मुंडकं मागणारा कोण आहे? त्याचं नाव आहे का? नसेल, आणि फक्त धरणाऱ्याचं वर्णन असेल, तेही कपड्यांवरून, भाषेवरून, झोळीवरून, तर ती गोष्ट पुढं सांगू नका. आपल्या आज्यांच्या कहाणीत एवढा प्रामाणिकपणा होता, की राजाचं नाव राजा म्हणूनच घेतलं. आपण तिच्या मागं जायला नको.

इतका वेळ शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. आता तुम्ही बोला.

प्रश्न : सर, पण मुलं खरंच पळवली जातात, त्यांच्यावर अत्याचार होतात. मग आईबापांनी पोरांना सावध करायचंच नाही का?

उत्तर : करायचंच. जरूर करायचं. पण कशापासून? मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचाच असतो, नात्यातला, शेजारचा, रोजच्या येण्याजाण्यातला. बागुलबुवा दाखवला की पोरगं अनोळख्याला घाबरतं आणि ओळखीच्या माणसाच्या मांडीवर निर्धास्त बसतं. म्हणजे या दंतकथेनं बाहेरच्या माणसाला मारलं आणि घरातल्या पोराला वाचवलंही नाही. पोराला सांगा, कुणीही असो, मामा असो, काका असो, नको वाटेल असं वागला तर येऊन सांग. आणि त्यानं सांगितलं की विश्वास ठेवा.

प्रश्न : शिळासप्तमीसारख्या कहाण्या मग वाचाव्यात की नाही? नरबळीच आहे ना त्यात.

उत्तर : वाचाव्यात. माझ्या मते मोठ्यानं वाचाव्यात. फक्त वाचून झाल्यावर पुस्तक लगेच मिटू नका. घरातल्या सुनेला विचारा, तुझ्या पोराला विचारल्याशिवाय तळ्यात ठेवलं असतं तर तू सासऱ्याला काय म्हणाली असतीस? (हशा) हसू नका, तिला बोलू द्या. कहाणीतली सून बोलली नाही. हिला बोलू दिलं, तर ते उत्तर ऐकायला सगळ्या घरानं थांबावं.

प्रश्न : आमच्या गावात अजूनही उन्हाळ्यात पालं येतात. त्यांच्याशी काय करावं, म्हणजे प्रत्यक्षात?

उत्तर : फार मोठं काही नाही. पाल पडलं की पहिल्या दिवशी जाऊन नाव विचारा, गाव विचारा, पाण्याची सोय दाखवा. त्यांची पोरं किती, ती शाळेत येऊ शकतील का, ते गुरुजींना विचारा. ज्याचं नाव तुम्हाला माहीत आहे, ज्याच्या पोराला तुमच्या पोरानं खेळात गडी म्हणून घेतलंय, त्याच्यावर ही कथा चिकटत नाही. राईनपाड्याच्या त्या खोलीबाहेर त्या पाच जणांना नावानं ओळखणारा एक जरी माणूस उभा असता, तर, मंडळी, कदाचित आज मला हे व्याख्यान द्यावं लागलं नसतं.